गोरी नवरी आणि कॅननची पुण्याई

"लग्नाचं काम करायचं असेल तर कॅनन. जंगल, पक्षी, देखावे करायचे असतील तर निकॉन." टेंभुर्णीतल्या एखाद्या पोरानं स्टुडिओ टाकायचं मनात आणलं की पहिल्याच चहाला त्याला हे ऐकवलं जातं. सांगणारा जाफराबादचा असो, जालन्याचा असो, नाहीतर पुण्याहून सुट्टीला आलेला चुलतभाऊ असो, वाक्य तेच. (टेंभुर्णी म्हणजे आमची, जाफराबाद तालुक्यातली. सोलापूरकडची, हायवेवरची नव्हे. हा खुलासा आम्हाला जन्मभर करावा लागतो.) दुसरं मत शहाण्यांचं. ते मंद हसतात आणि म्हणतात, "कॅमेरा कुठलाही घे रे, नजर पाहिजे." तिसरं मत अलीकडचं: "डीएसएलआर? ते संपलं. मिररलेस घे."

मला तिन्ही मान्य नाहीत. पहिलं मत खोटं आहे, दुसरं भरल्या पोटाचं आहे आणि तिसरं दुसऱ्याच्या खिशात हात घालून बोलतं.

कॅननवाल्यांचा सगळा डोलारा एका शब्दावर उभा आहे: स्किन टोन. कॅननमध्ये नवरी गोरी, तुकतुकीत येते; निकॉनमध्ये पिवळट येते. हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की ऐकणाऱ्याला वाटावं, जपानी कारखान्यात कुणीतरी मराठवाड्यातल्या नवऱ्या समोर बसवून यंत्र जुळवलंय. आता आमच्याकडचं लग्न डोळ्यासमोर आणा. मे महिना, गोरज मुहूर्त. पत्रिकेत छापलेली वेळ उजेडातली, पण परण्या मारुतीच्या देवळापासून हलायचं नाव घेत नाही, म्हणून प्रत्यक्ष अक्षता पडेपर्यंत अंधारून यायला लागतं. वर लाल, पिवळं, गुलाबी कापड. त्यातून गाळून आलेलं उरलंसुरलं ऊन. स्टेजवर दोन हॅलोजन. व्हिडिओवाल्याच्या कॅमेऱ्यावर स्वस्तातला एलईडी, ज्याचा पांढरा हिरवटाकडे झुकतो. पलीकडे डीजेवाल्याचे निळे-जांभळे दिवे सुरूच. दुपारचं ऊन साधारण ५५०० केल्विनचं, हॅलोजन ३२०० चा, आणि कापडावरून उसळून आलेल्या उजेडाला तर कुठलाच हिशोब नाही. नवरीच्या उजव्या गालावर एक रंग, डाव्यावर दुसरा, आणि अंगावर कालची हळद आहेच. समोर पांढरा अंतरपाट धरलेला असतो तोवर त्याच्यावरून परतलेला मऊ उजेड तिच्या चेहऱ्यावर असतो. "सावधान" झालं, अंतरपाट खाली आला, की तो उजेडही गेला. आणि त्याच क्षणी शंभर हात अक्षता टाकतात आणि ऑटोफोकस चेहरा सोडून हवेतल्या तांदळावर जाऊन बसतो.

या गोंधळात ऑटो व्हाइट बॅलन्सवर कॅमेरा सोडला तर कॅनन चुकतो आणि निकॉनही चुकतो. थोडे वेगळे चुकतात, एवढंच. कॅमेऱ्यातून थेट निघणाऱ्या जेपेगला दोन्ही कंपन्यांची आपापली चव असते, हे मी नाकारत नाही. पण ती चव मेनूतून बदलता येते: एकाकडे तिला पिक्चर स्टाइल म्हणतात, दुसऱ्याकडे पिक्चर कंट्रोल. आणि रॉमध्ये फोटो काढला तर अंतिम रंग ठरवायचं काम बरंचसं संगणकावरच्या सॉफ्टवेअरकडे जातं. आमच्याकडे तर ते त्याच्याही पुढे जातं, अल्बम डिझाइन करणाऱ्याकडे. त्याचा हात एकाच बाजूला फिरतो: उजळ, आणखी उजळ. करिझ्मा अल्बम घरी येतो तेव्हा नवरी, करवली आणि नवरीची आजी, तिघींचा रंग एक झालेला असतो. आजीच्या सुरकुत्याही जातात. आणि त्या पुण्याईचं श्रेय जातं कॅननला!

खरी गोष्ट अशी की आपल्या धंद्यात "स्किन टोन चांगला" याचा अर्थ "नवरी आहे त्यापेक्षा गोरी" असा आहे. हा रोग जुना आणि जगभरचा. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅककडून प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या बाईचं छायाचित्र असलेलं कार्ड जायचं. शर्ली कार्ड म्हणत त्याला. ती बाई बरोबर दिसली म्हणजे यंत्र बरोबर. सावळा माणूस त्यात डांबरासारखा आला तरी यंत्राची चूक नाही. कित्येक वर्षं जगभरच्या लॅबनी हा मापदंड पाळला. आज कार्ड गेलं, सवय राहिली. तेव्हा ज्याला ब्रँडचा गुण म्हणतात तो बराचसा यजमानाच्या हौसेचा आणि डिझायनरच्या माऊसचा गुण आहे. सावळी नवरी सावळी आणि सुंदर दाखवायची असेल तर एक फ्लॅश बाजूला स्टँडवर लावा, समोर पांढरं थर्माकोल धरायला पुतण्याला उभा करा आणि व्हाइट बॅलन्स हातानं ठरवा. कॅमेऱ्यावर लाल अक्षरं आहेत की पिवळा पट्टा, याचा त्यात कुठेही संबंध येत नाही.

जालना जिल्ह्यातल्या माणसाला तर हे समजायला अवघड जाऊच नये. १९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी जालन्यात महिको काढली, तेव्हापासून बियाण्याच्या पाकिटाचं अर्थशास्त्र आपण घरात बसून पाहतोय. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत दुकानात इतके ब्रँड आले की नावं पाठ होईनात. जून उजाडला की एखाद्याच पाकिटासाठी रांग, चढा भाव, ओळखीपाळखी. वाण वेगवेगळे होते, मान्य. पण अळीला मारणारं जनुक बहुतेक सगळ्यांत एकाच घरचं, परवान्यानं घेतलेलं. २०१७ ला गुलाबी बोंडअळी आली तेव्हा तिनं पाकिटावरचं नाव वाचलं नाही.

कॅमेऱ्याच्या पोटातही हेच चालतं. सुरुवातीच्या डिजिटल काळात सोनीचा सहा मेगापिक्सलचा एक सेन्सर निकॉनच्या डी१०० आणि डी७० मध्ये होता, पेंटॅक्समध्ये होता, कोनिका मिनोल्टामध्येही होता. २०१० साली निकॉनचा डी७०००, पेंटॅक्सचा के-५ आणि सोनीचा ए५८० हे तीन कॅमेरे सोनीच्या एकाच सोळा मेगापिक्सल सेन्सरवर उभे होते. त्या काळी निकॉनवाला सोनीला "टीव्हीवाली कंपनी" म्हणून हिणवायचा, तेव्हा तो सोनीच्याच डोळ्यानं बघत होता. आणखी मागे जायचं तर १९३६ च्या सुमारास बाजारात आलेला कॅननचा पहिला कॅमेरा, हान्सा कॅनन, त्याला लेन्स कुणाची? निक्कोर. निप्पॉन कोगाकूची, म्हणजे आज जिला निकॉन म्हणतो तिचीच. ज्या दोन घराण्यांच्या नावानं आमची पोरं पारावर भांडतात, त्यातल्या एकाचा पहिला कॅमेरा दुसऱ्याच्या काचेतून जग पाहत होता. आणि पहिला डीएसएलआर म्हणून विकला गेला तो यांच्यापैकी कुणाच्याच नावावर नाही: १९९१ मध्ये कोडॅकनं निकॉन एफ३ च्या बॉडीत आपला सेन्सर बसवून तो काढला. त्या कोडॅकनं २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज दिला.

फरक कधी नव्हतेच, असं मी म्हणत नाही. २०१३ मध्ये कॅननच्या ७०डी मध्ये ड्युअल पिक्सल ऑटोफोकस आला, तेव्हा लग्नाचा व्हिडिओ करणाऱ्यासाठी निकॉन मागे पडला, हे उघड होतं. स्क्रीनवर बघून चालत्या नवरदेवाला फोकसमध्ये ठेवणं निकॉनला जमत नव्हतं. उलट त्याच काळात अंधारातला तपशील संगणकावर वर काढायचा तर निकॉनचे सेन्सर सरस होते. कॅननमध्ये सावल्या उचलल्या की पट्टे आणि दाणे दिसायचे. २०१६ च्या ८०डी आणि ५डी मार्क फोरपासून कॅननही त्या बाबतीत बराच सुधारला. हे फरक खरे होते, पण त्यांचं आयुष्य एका-दोन मॉडेलांचं. "माझ्या काकाकडे निकॉन होता, फार भारी" याचा अर्थ काकाकडे त्या वर्षीचं एक चांगलं मॉडेल होतं.

मग निष्ठा कशाला? कंपन्या तरी कुठे पाळतात? १९८७ मध्ये कॅननला नवा ईएफ माउंट, म्हणजे बॉडीला लेन्स अडकवायची कडी, आणायचा होता. आणला. आधीच्या एफडी लेन्स ज्यांच्याकडे होत्या त्यांच्या हातात काचेची भांडी उरली. निकॉननं १९५९ चा एफ माउंट टिकवला म्हणून निकॉनवाले अभिमानानं सांगत. २०१८ मध्ये त्यांनीही झेड माउंट काढला, आणि त्याच वर्षी कॅननचा आरएफ आला. मिनोल्टाचा कॅमेऱ्याचा धंदा २००६ मध्ये सोनीकडे गेला. सोनीनं तो माउंट काही वर्षं चालवला आणि मग सोडला. कुठल्याही कंपनीनं टेंभुर्णीला पत्र पाठवून विचारलं नाही.

इथवर ऐकून शहाणे खूश होतील: "आम्ही तेच म्हणत होतो, नजर पाहिजे!" थांबा. माझं खरं भांडण तुमच्याशीच आहे.

"कॅमेरा कुठलाही घे" हे वाक्य ज्याला एकदा चुकून पुन्हा घेता येतं त्याचं आहे. सोसायटीचं कर्ज, घरातली दोन तोळे मोड किंवा सोयाबीनचे आलेले पैसे घालून जो पहिला कॅमेरा घेतो, त्याला पुढची आठ-दहा वर्षं बदलता येत नाही. तो बॉडी घेत नसतो, माउंट घेत असतो. बॉडी झिजते, लेन्स राहते. आज जी कंपनी घेतली तिच्याच लेन्स, तिच्याच बॅटऱ्या, तिच्याच पद्धतीचे फ्लॅश जमत जाणार. म्हणजे ब्रँडचा प्रश्न खराच आहे. फक्त तो चित्राच्या गुणवत्तेचा नाही. तो प्रश्न शेजाऱ्याचा आहे.

दाट तिथीला काय होतं ते बघा. एकाच दिवशी टेंभुर्णीत दोन लग्नं, जाफराबादला चार, भोकरदनकडे आणखी, देऊळगाव राजाकडची एक ऑर्डर आधीच धरलेली. एखादी ७०-२०० लेन्स सकाळी एकाच्या हळदीत असते आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या रिसेप्शनला. कुणाची बॅटरी बसली तर शेजारच्या गावचा गडी मोटारसायकलवर दुसरी आणून देतो. हे सगळं माउंट एक असेल तरच. ओळखीतल्या चार स्टुडिओंकडे कॅनन असेल आणि तुम्ही अभ्यास करून, तक्ते बघून, जास्त गुण मिळवणारा निकॉन घेतला, तर पहिल्या दाट तिथीला तुम्ही एकटे. उलट असेल तर उलट. निकॉनची जुनी लेन्स कॅननच्या डीएसएलआरवर रिंग लावून बसते तरी. निकॉनचा माउंट सेन्सरपासून साडेसेहेचाळीस मिलिमीटरवर, कॅननचा चव्वेचाळीसवर, मधल्या अडीच मिलिमीटरमध्ये पातळ रिंग मावते. पण फोकस हातानं करायचा. अक्षतांच्या क्षणी ते कुणाला जमणार? आणि कॅननची लेन्स निकॉनवर नेली तर साध्या रिंगनं लांबचं काही फोकसच होत नाही.

शिवाय हात. कॅननची लेन्स बसवताना समोरून बघत घड्याळाच्या दिशेनं फिरवतात, निकॉनची उलटी. झूमची रिंगही दोघांची उलट्या दिशेला. दुकानात हा मुद्दा कुणी काढत नाही, कारण दुकानात कुणी घाईत नसतं. दहा वर्षं कॅननवर बसलेला हात एका दिवसासाठी निकॉनवर आला की मामा नवरीला घेऊन स्टेजवर चढत असताना तो झूम बाहेरऐवजी आत करतो. पोराला ज्याच्या हाताखाली शिकायचंय त्याचा कॅमेरा कोणता, हे म्हणूनच मेगापिक्सलच्या आधी विचारायचं.

आणि नजरवाल्यांना जे कधीच माहीत नसतं ते असं की एका ब्रँडच्या पोटातले फरक दोन ब्रँडमधल्या फरकांपेक्षा महाग पडतात. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. जुन्या बाजारात ५० एमएम १.८ डी ही निकॉनची सुंदर आणि स्वस्त लेन्स मिळते. पोरगं हौसेनं घेऊन येतं, लावतं, आणि फोकस हलतच नाही. तीच लेन्स डी९० वर किंवा डी७००० वर झकास चालते. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर लेन्सच्याच आत, म्हणून तिथे ही फसगत नाही. पण कॅननवाल्यांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. २०१९ चा २००डी मार्क टू घ्या. त्याच्या हॉट शूवरची, म्हणजे वर फ्लॅश बसवायच्या खाचेतली, मधली पिनच काढून टाकलेली आहे. ती पिन म्हणजे फ्लॅश उडवण्याची सगळ्या जगाची सामायिक भाषा. कुठल्याही कंपनीचा साधा ट्रिगर तिच्यावर चालायचा. ती गेल्यावर स्टुडिओत आधीपासून पडलेले स्वस्त ट्रिगर आणि जुने फ्लॅश या कॅमेऱ्यावर मुके. पेटीवर हे मोठ्या अक्षरात लिहिलेलं नसतं. चार पैसे वाचवून घेतलेला नवा कोरा कॅमेरा आणि त्याला लागणारं नवं सामान यांचा हिशोब जुळवत बसलेल्या माणसाला "नजर पाहिजे" असं सांगून बघा.

तिसऱ्या मताचं थोडक्यात. मिररलेस चांगला आहे. माणसाचा डोळा पकडून फोकस धरून ठेवण्यात आजचे मिररलेस जुन्या डीएसएलआरच्या फार पुढे गेलेत, आणि कॅनन-निकॉननं २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही. २०१० मध्ये जगभर बारा कोटींवर डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते, २०२३ मध्ये ऐंशी लाखही नाहीत; मोबाइलनं बाकीचे खाल्ले. अशा बाजारात कंपन्या महागड्या मालाकडे वळणार, हे ओघानं आलं. पण कंपनीनं बनवणं थांबवलं म्हणजे वस्तूनं चालणं थांबवलं, हा कुठला न्याय? शहरातले लग्नवाले मिररलेसवर गेले, त्यांच्या ५डी मार्क थ्री आणि डी७५० मुंबईच्या बोरा बझारपासून संभाजीनगरपर्यंत जुन्या भावात फिरताहेत. दोन्हींचं शटर दीड लाख क्लिकसाठी तपासलेलं. एका लग्नात दोन-तीन हजार क्लिक होतात, म्हणजे पन्नास हजार क्लिक झालेली बॉडी हातात आली तर अजून तीसेक लग्नं तरी निर्धास्त, आणि पुढेही ती लगेच बंद पडत नाही. घेताना शटर काउंट बघा, लेन्स उजेडाकडे धरून आत जाळ्यासारखी बुरशी दिसते का बघा. पावसाळ्यात कपाटात कोंडून ठेवलेल्या लेन्सला ती हमखास लागते.

विजेचाही विचार करा. एकाच प्रमाणित चाचणीत निकॉन डी७५० एका बॅटरीवर १२३० फोटो काढतो, आणि त्याच जातीची बॅटरी घालून निकॉनचाच मिररलेस झेड६ काढतो ३१०. प्रत्यक्षात दोन्ही याहून जास्त देतात, पण प्रमाण लक्षात येतं. हळदीच्या रात्री लाइट गेली, जनरेटर डीजेला जोडलेला, आणि चार्जर लावायला मोकळा बोर्ड नाही, तेव्हा हे प्रमाण कळतं. मिररलेसवर जायचंच असेल तर जा, पण तेव्हाही पहिला प्रश्न माउंटचाच. कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून आरएफ बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात. निकॉनचा अडॅप्टर मोटरवाल्या लेन्स चालवतो. ती स्वस्त ५० एमएम डी तिथेही हातानंच फिरवायची.

आता माझ्यावर येणारा एक आक्षेप मला आधीच माहीत आहे, आणि तो खरा आहे. "साहेब, तुमचं सगळं बरोबर. पण यजमान विचारतो ना, कॅमेरा कोणता? मोठा कॅमेरा दिसला तर रेट मिळतो. छोटी बॉडी बघितली की म्हणतात, हा तर आमच्या जावयाकडेपण आहे." खरं आहे. सुपारी ठरवायला बसलेल्या माणसांना सेन्सर दिसत नाही, आकार दिसतो. त्यासाठी बॅटरी ग्रिप निघालेली आहे. बाहेरच्या कंपनीची घेतली तर फार महाग नाही, दोन्ही ब्रँडच्या बहुतेक बॉडींना मिळते, कॅमेरा दीडपट दिसतो आणि आत एक बॅटरी जास्त बसते. गळ्यातला पट्टा उलटा घाला. त्यावरचं नाव छातीकडे गेलं की यजमान रेटवर बोलायला लागतो.